रोखलेली मजुरी आणि शेतकऱ्याचा धीर : याकोबाचे पत्र, अध्याय ५

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील पहिल्या अकरा वचनांचे सरळ दोन भाग पडतात. पहिली सहा वचने म्हणजे श्रीमंतांवरचे आरोपपत्र आहे. पुढच्या पाचांत अन्याय सोसणाऱ्यांना धीर धरण्याचा उपदेश आहे. दोन्ही भागांना जोडणारा मूळ ग्रीक शब्द अगदी लहान आहे : ‘उन’, म्हणजे ‘म्हणून’. संपत्ती आणि सोशिकता यांविषयीच्या ख्रिस्ती शिकवणीत पुढे जे घोळ झाले, त्यांतले बरेचसे हा एक शब्द नजरेआड केल्यामुळे झाले.

परंपरा या पत्राचा कर्ता येशूचा भाऊ आणि यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख याकोब याला मानते. या याकोबाचा मृत्यू इ. स. ६२ च्या सुमारास झाला. महायाजक धाकटा हन्ना याने त्याला दगडमाराची शिक्षा ठोठावली, असे यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो. पत्र खरोखर त्याचेच, की पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या नावाने कोणी लिहिले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण जोसेफसने याच प्रकरणात, याकोबाच्या मृत्यूच्या हकिकतीपाठोपाठ, आणखी एक गोष्ट नोंदली आहे. बड्या याजकांचे नोकर खळ्यांवर जाऊन धान्याचा दशमांश जबरदस्तीने उचलून नेत आणि त्यावर जगणारे गरीब याजक उपाशी मरत. पुढे इ. स. ६६ मध्ये रोमविरुद्ध बंड उसळले, तेव्हा बंडखोरांनी यरुशलेममधील कर्जखतांचे दप्तर पेटवून दिले. पत्राचा काळ कोणताही धरला, तरी त्यातील शेतमालक आणि मजूर हे कल्पनेतले नव्हेत, हे या नोंदींवरून दिसते.

आरोपपत्राची सुरुवात रडण्या-आक्रोशण्याच्या हुकमाने होते. पश्चात्ताप करा, असे येथे म्हटलेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. यशया, आमोस हे संदेष्टे परकीय राजांना उद्देशून बोलत, तेव्हा ते राजे समोर नसत. ऐकणारी असे ती पिचलेली प्रजा. येथेही तीच रीत दिसते. श्रीमंतांना संबोधून केलेले हे भाषण बहुधा मंडळीतल्या गरिबांच्या कानांवर पडावे म्हणूनच लिहिले गेले. कारण दुसऱ्या अध्यायात श्रीमंतांची ओळख ‘तुम्हांला न्यायालयात खेचणारे’ अशीच करून दिलेली आहे.

पहिला आरोप साठवणुकीचा आहे. धान्य सडले, कपड्यांना कसर लागली, सोन्यारुप्यावर जंग चढला. सोने गंजत नाही, हे पहिल्या शतकातल्या माणसालाही ठाऊक होते. तरीही गंजाचा उल्लेख आहे, तो साक्षीदार म्हणून. वापरात असलेली वस्तू झिजते, पडून राहिलेली गंजते. बेन सिराच्या बोधग्रंथात (हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही) मित्रासाठी रुपे गमवावे, पण दगडाखाली गंजू देऊ नये, असा सल्ला येतो. याकोब तेच सूत्र उचलतो आणि त्याची धार वाढवतो : हा गंज न्यायाच्या दिवशी साक्ष तर देईलच, शिवाय मालकाचे मांसही खाईल. तेव्हा दोष नुसत्या असण्याचा नाही; शेजारी भूक असताना पाडून ठेवण्याचा आहे.

दुसरा आरोप या सगळ्या उताऱ्याचा कणा आहे : शेत कापणाऱ्यांची मजुरी रोखली गेली. त्या काळच्या पॅलेस्टाइनमधील रोजंदाराचा हिशेब दिवसाचा दिवशी चाले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक पहाटेपासून बाजारात जाऊन माणसे आणतो, एक दिनार रोज ठरवतो आणि सांज होताच कारभाऱ्याला चुकारा करायला सांगतो. ही सांजवेळ कथेच्या सोयीसाठी आलेली नाही. मजुराचा रोज रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, असा लेवीय ग्रंथाचा नियम आहे, आणि अनुवाद ग्रंथ त्याचे कारणही देतो : तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात तर दिवसपाळीच्या मजुराला रात्रभर आणि रात्रपाळीच्या मजुराला दिवसभर आपला रोज मागण्याचा हक्क आहे, इतका बारीक तपशील येतो. मालकाच्या लेखी चार दिवसांची दिरंगाई ही वहीतली एक ओळ. मजुराच्या घरी त्या संध्याकाळचे पीठ.

मजुरी कशी रोखली, हे पत्र सांगत नाही. पण येथे हस्तलिखितांत एक बोलका पाठभेद आहे. काहींत ‘लुबाडलेली’ या अर्थाचे क्रियापद आहे, काहींत ‘मागे ठेवलेली’ या अर्थाचे. नकलकारांना दोन्ही शब्द योग्य वाटले, यातच पुष्कळ काही आले. लेखक पुढे म्हणतो की ही मजुरी स्वतःच ओरडते आहे. हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडले होते. मिसरातल्या गुलामांचा आक्रोश देवाकडे पोहोचला होता. मजुरीचा आवाज त्याच मालिकेत बसवला आहे. हा आवाज ज्याच्या कानी जातो त्याचे नाव मराठी बायबलात ‘सेनाधीश प्रभू’ असे येते. मूळ ग्रीकमध्ये ‘साबाओथ’ हा हिब्रू शब्द न भाषांतरता ठेवला आहे. नव्या करारात तो दोनच ठिकाणी सापडतो, आणि येथे तो यशयाच्या पाचव्या अध्यायाची आठवण करून देतो. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा निषेध तिथेच आहे.

तिसरा आरोप चैनीचा. तो लेखक लवकर उरकतो : कत्तलीच्या दिवसासाठी पोसलेल्या जनावरासारखी तुम्ही आपली मने पोसलीत, एवढेच. चौथा मात्र दचकवणारा आहे, तो नीतिमानाला ठार मारल्याचा. मजुरीवरून थेट खुनावर उडी कशी, असा प्रश्न पडतो. काही जुन्या भाष्यकारांनी हा नीतिमान म्हणजे येशू असे मानले, काहींनी स्वतः याकोब. पण उत्तर अधिक जवळ आहे. बेन सिराच्याच ग्रंथात मजुराची मजुरी हिरावणारा हा रक्त सांडणारा ठरवला आहे. गरिबाची भाकर हेच त्याचे जगणे, म्हणून ती काढून घेणे हा खूनच. या दृष्टीने चौथा आरोप हा दुसऱ्याचाच उलगडा ठरतो.

आणि मग येते ते ‘म्हणून’. म्हणून बंधूंनो, प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा. हा उपदेश मजुरांना आहे, आणि न्याय होणार हे ठामपणे सांगून झाल्यावर आहे. मजुरी रोखणाऱ्याने मजुराला करायचा हा उपदेश नव्हे.

दृष्टान्त शेतकऱ्याचा आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येथे सहज मृगाचा आणि हस्ताचा पाऊस येतो, पण पॅलेस्टाइनचे ऋतुचक्र उलटे आहे. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, उन्हाने टणक झालेली जमीन नांगरण्याजोगी करतो. शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये येऊन दाणा भरतो. मधले महिने शेतकरी रिकामा बसत नाही. पाऊस त्याच्या हातात नसतो, नांगरट आणि पेरणी असते.

धीरासाठी पत्रात दोन ग्रीक शब्द येतात. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे राग लांबवणे, चटकन न भडकणे. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली न ढळता उभे राहणे. पहिला शब्द संदेष्ट्यांना लावला आहे, दुसरा ईयोबाला. निवड पाहण्यासारखी आहे, कारण यांतले कोणीही गप्प बसणारे नव्हते. आमोसाने जोड्याच्या किमतीला गरीब विकणाऱ्यांना भर बेथेलात सुनावले आणि तिथल्या याजकाने त्याला हाकलले. यिर्मयाला विहिरीच्या चिखलात टाकले, तरी त्याने आपले म्हणणे बदलले नाही. ईयोबाचे नाव नव्या करारात फक्त या एकाच ठिकाणी येते. त्याची सोशिकता म्हणीत जाऊन बसली असली, तरी तो तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे देवालाच खटल्यासाठी समोर बोलावतो. याकोबाचा धीर तोंड बंद ठेवत नाही. तो सूड घेत नाही, आणि आणखी एक गोष्ट टाळतो : एकमेकांवर कुरकुरणे. वर हात पोहोचत नाही, तेव्हा राग शेजाऱ्यावर निघतो, ही गोष्ट लेखकाला चांगली माहीत असावी.

पुढच्या शतकांत या दोन भागांचे नशीब वेगवेगळे झाले. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने इ. स. २०० च्या आसपास, धनिकाचे तारण कसे होईल यावर लिहिताना, संपत्तीपेक्षा तिच्या आसक्तीचा त्याग महत्त्वाचा ठरवला. संपन्न शहरातल्या मंडळीला हे सोयीचे होते. चौथ्या शतकात सूर कडक झाला. कप्पदुकियातील ३६८-६९ च्या दुष्काळात धर्मपिता बाझिलने कोठारे बांधणाऱ्या मूर्ख धनिकाच्या दाखल्यावर प्रवचन केले, आणि तुमच्या घरात कुजणारे जोडे अनवाणी माणसाचे आहेत, अशा अर्थाचे सुनावले. अंत्युखियात धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टोमने, आपल्यापाशी असलेले न वाटणे हीसुद्धा चोरीच, असे सांगितले. मजुरी रोखणे हे ‘स्वर्गापर्यंत ओरडणाऱ्या’ पापांत गणले गेले आणि कॅथलिक धर्मशिक्षणात ते आजही तसेच आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले, तेव्हा न्याय्य वेतनाच्या मुद्द्यावर आधार घेतला तो याकोबाच्या याच चौथ्या वचनाचा.

धीराचा भाग मात्र वारंवार मालकांच्या बाजूने वापरला गेला. अमेरिकेतील मळ्यांवर गुलामांपुढे होणाऱ्या प्रवचनांत सोशिकता आणि आज्ञापालन हे नेहमीचे विषय असत. त्या गुलामांना मजुरीच मिळत नव्हती, याचा उल्लेख अर्थातच नसे. मार्क्सने १८४४ साली धर्माला अफू म्हटले, तेव्हा असल्या उपदेशाचा अनुभव युरोपातल्या कामगारालाही होता. एल्सा तामेस या मेक्सिकोत जन्मलेल्या धर्मतत्त्वज्ञ विदुषीने १९८५ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या दृष्टीने याकोबाचे पत्र वाचताना या धीराला ‘लढाऊ धीर’ म्हटले. हा अर्थ बाहेरून लादलेला वाटू शकतो, पण संदेष्टे आणि ईयोब यांची उदाहरणे पाहिली तर तोच मूळ मजकुराच्या अधिक जवळ आहे.

आज उपासनेत हा उतारा कसा वाचला जातो, हेही पाहण्यासारखे आहे. कॅथलिक उपासनेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात मजुरीची सहा वचने दुसऱ्या वर्षी, सामान्य काळाच्या सव्विसाव्या रविवारी येतात. धीराची वचने पहिल्या वर्षी, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी. १९९२ च्या ज्या सामायिक वाचनक्रमावर अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या चालतात, त्यात धीराची वचने आहेत, श्रीमंतांविषयीची सहा रविवारच्या वाचनात कुठेच नाहीत.