वाळूला वेसण घालणारे तृण

एखाद्याला तुच्छ लेखायचे झाले, की आपण त्याला ‘तृणवत्’ मानतो. परंतु उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड बेटावर एका रानटी तृणाने माणसांची शेते व कुरणे वाळूखाली जाता जाता वाचविली आहेत. त्याचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

लायमस अरेनेरियस हे त्याचे शास्त्रीय नाव. आइसलंडचे लोक त्याला ‘मेलग्रेसी’ म्हणतात. कुळाने ते गव्हाचा भाऊबंद. पाती ताठ व निळसर करडी, ओंबीही गव्हासारखीच. त्याचे खरे बळ मात्र जमिनीखाली आहे. आपल्या हरळीप्रमाणे त्याचे खोड मातीतून आडवे धावते व पेरापेरांतून मुळे आणि कोंब फोडते. अंगावर वाळू साचली, की इतर वनस्पती गुदमरतात. हे तृण त्या थरातून डोके वर काढते. पात्यांपाशी वारा मंदावतो, वाळू खाली बसते, तृण आणखी वर चढते आणि हळूहळू तेथे टेकाड उभे राहते. नवल असे, की नवी वाळू येईनाशी झाली म्हणजे त्याचा जोम ओसरू लागतो!

नवव्या शतकात या बेटावर वस्ती झाली, तेव्हा सुमारे चतुर्थांश भूमी बर्चच्या झाडीने आच्छादलेली होती. पुढे तोड झाली, मेंढ्या चरल्या, ज्वालामुखींची राख पडली. उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली. अन्नाची तर नेहमीच चणचण. दक्षिणेकडील स्काफ्टाफेल भागातील लोक या तृणाचे दाणे वाळवून, दळून भाकरी व पेज करीत. मेंढ्यांनाही ते प्रिय. जे वाळूला आवरणारे, तेच असे पोटासाठी खर्ची पडत होते.

अखेर 1907 साली वनसंवर्धनाचा व मातीची धूप रोखण्याचा कायदा झाला. उजाड भूमीला कुंपणे घालून मेंढ्यांना मज्जाव करण्यात आला; मेलग्रेसीचे बी गोळा करून वाळूत पेरण्यात आले. 1963 साली समुद्रातून सुर्टसी हे नवे ज्वालामुखी बेट वर आले. तेथे 1966 साली, म्हणजे तिसऱ्याच वर्षी, हे तृण आपणहून उगवलेले आढळले.

निर्जन बेटावर त्याला कोणाच्याही साहाय्याची गरज भासली नाही. माणसांच्या शेजारी मात्र त्याला कुंपण लागले. भूमीचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की बी पेरणारा हात जितका मोलाचा, तितकाच वेळीच आवरलेला हातही मोलाचा असतो.