एमआरआय नव्हता, तेव्हा 'नस दबली' हे डॉक्टरांना कसं कळायचं?

कंबरेपासून पायापर्यंत कळ गेली की आपण म्हणतो, 'नस दबलीय'. ही नस म्हणजे नर्व्ह. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजेच डिस्क, मागे सरकली की नर्व्हवर दाब येतो. आज हे एमआरआयमध्ये दिसतं. पण १९७०च्या दशकात काही डॉक्टर त्यासाठी चक्क मणक्यातल्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे काढायचे. या तपासणीचं नाव होतं एपिड्युरल व्हेनोग्राफी.

याची गरज का पडली?

साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही. म्हणून मायलोग्राम करायचे. त्यात पाठीत सुई घालून नर्व्हभोवतीच्या पाण्याच्या पिशवीत कॉन्ट्रास्ट सोडायचे आणि मग एक्स-रे काढायचे. पण कंबरेच्या अगदी तळाशी ही पिशवी गादीपासून बरीच लांब असते. तिथली गादी सरकली, तरी मायलोग्राम कधीकधी नॉर्मल यायचा.

मग शिरा कशा कामी आल्या?

पिशवी आणि गादी यांच्यामधल्या जागेत चरबी आणि नाजूक शिरांचं जाळं असतं. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने १९४० मध्ये या जाळ्याचं महत्त्व दाखवून दिलं होतं.

डॉक्टर जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर सरकवायचे आणि कॉन्ट्रास्ट सोडायचे. त्याच वेळी पोटावर दाब दिला की कॉन्ट्रास्ट मणक्यातल्या शिरांकडे वळायचं. एक्स-रेत एखादी शीर बाजूला ढकललेली किंवा मध्येच तुटल्यासारखी दिसली, की तिथे गादी सरकल्याचा संशय घ्यायचे.

ही तपासणी मागे का पडली?

गाठ असली किंवा आधीच्या ऑपरेशनचा व्रण असला, तरी शीर अशीच दबते. म्हणजे दाब दिसायचा, कारण दिसायचं नाही. सीटी स्कॅन आणि नंतर एमआरआयमध्ये थेट गादीच दिसू लागली.

मग आता प्रश्न सुटला?

पूर्ण नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या नॉर्मल होत्या! म्हणून रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' वाचून लगेच घाबरू नका. तुमचा त्रास आणि डॉक्टरांची तपासणी त्या फोटोशी जुळते का, हे महत्त्वाचं.

मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर थांबू नका. तातडीने हॉस्पिटल गाठा.