बचावफळीतली शंभरी

शहापूर-मुरबाड पट्ट्यात खेळ म्हटला की कबड्डी. भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली, की शेणव्याकडच्या, किन्हवलीकडच्या गावांत धसकटं काढून, पाणी मारून जमीन चोपली जाते आणि चुन्याच्या रेघा पडतात. चढाईवाला आत शिरतो. डाव्या कोपऱ्यावरचा गडी खाली वाकून त्याचा घोटा धरतो, बाकीचे अंगावर कोसळतात आणि पंच बोट वर करतो. गुण पकड करणाऱ्याच्या संघाला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोपऱ्यावरच्या त्या गड्याचं नाव चढाईवाल्याइतकंच निघतं.

फुटबॉलमध्ये बचावपटूला असा गुण नाही. समोरची आघाडीपटू चेंडू घेऊन वळायच्या आत तिच्या वाटेत उभं राहिलं, नव्वद मिनिटांत असं वीस वेळा केलं, तरी गुणफलक शून्यावरच. ज्या मुली या जागेवर आयुष्य काढतात, त्यांची कारकीर्द कशाने मोजायची? भारतात या प्रश्नाला सर्वांत भरीव उत्तर आहे ते मणिपूरच्या लोइतोंगबम आशालता देवीचं. जन्म 1993 चा, जागा मध्यबचावाची, वरिष्ठ भारतीय संघात पदार्पण 2011 मध्ये. तिच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत मोठा घाव, दोन्ही आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडले. म्हणून या पट्ट्यातल्या वाचकाला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

2022 च्या जानेवारीत महिलांची आशियाई स्पर्धा महाराष्ट्रात झाली. सामने नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीला. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आसनगावहून फार लांब नाही. लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने नेरूळ. पण करोनाची तिसरी लाट चालू होती, त्यामुळे मैदानाचे दरवाजे प्रेक्षकांना बंद होते. 20 जानेवारीला यजमान भारताची गाठ पडली इराणशी. कर्णधार आशालता. इराणचा संघ पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरलेला, अंगापिंडाने दणकट आणि चिवट. भारताच्या मुलींनी संधी निर्माण केल्या, पण गोल झाला नाही. इराणलाही करू दिला नाही. सामना 0-0.

बरोबरी म्हणून त्या निकालाबद्दल हळहळ झाली. मला त्यातलं दुसरं शून्य मोलाचं वाटतं, कारण ते बचावफळीने मिळवलेलं होतं. मध्यबचावातल्या खेळाडूचं निम्मं काम पायांनी होतच नाही. चौघींची रेषा कधी पुढे सरकवायची आणि कधी मागे घ्यायची, हे तिला ओरडून सांगावं लागतं. एकजण अर्धं पाऊल मागे राहिली, तरी समोरची आघाडीपटू ऑफसाइडच्या सापळ्यातून सुटते. चेंडू पलीकडच्या बगलेला असतानाही मान दोन्हीकडे फिरत ठेवायची. चेंडूकडेच बघत राहिलं तर पाठीमागून कोण धावत आलं ते कळत नाही, आणि माणसाकडेच बघत राहिलं तर चेंडू डोक्यावरून जातो. बचावातलं हे शहाणपण सरावाच्या मैदानावर पुरतं शिकता येत नाही, ते सामन्यांतून अंगात मुरतं.

तीन दिवसांनी, 23 जानेवारीला, भारताचा सामना चायनीज तैपेईशी होता. तो झालाच नाही. संघातल्या बारा जणींना करोनाची लागण झालेली निघाली, काहीजणी जायबंदी होत्या, आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत. भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं. माघार घेणाऱ्या संघाचे झालेले सामनेही रद्द धरायचे, असा नियम. म्हणजे इराणविरुद्धची ती बरोबरी स्पर्धेच्या तक्त्यातून पुसली गेली. त्या नव्वद मिनिटांची नोंद गटात कुठेच राहिली नाही. ही स्पर्धा 2023 च्या विश्वचषकाची पात्रताफेरीही होती, तेव्हा ती वाटही तिथेच बंद झाली. 6 फेब्रुवारीला त्याच नेरूळच्या मैदानावर अंतिम सामना झाला. मध्यंतराला दोन गोलांनी मागे असलेल्या चीनने दक्षिण कोरियाला 3-2 ने हरवलं. यजमान संघ तेव्हा स्पर्धेच्या हिशेबात नव्हता.

हरण्याचं दुःख वेगळं. इथे तर कुणी हरवलंच नव्हतं. प्रतिस्पर्ध्याने गोल केला असता तर पुन्हा चित्रफीत पाहून चूक शोधता आली असती, पुढच्या वेळी पाऊल कुठे टाकायचं ते ठरवता आलं असतं. या घटनेतून बचावपटूने शिकायचं तरी काय?

तीन महिन्यांनी आशालता पुन्हा मैदानात होती, गोकुळम केरळा संघाची कर्णधार म्हणून. 2021-22 ची भारतीय महिला लीग भुवनेश्वरला भरली. 26 मे 2022 ला शेवटच्या फेरीत गोकुळमची गाठ तमिळनाडूच्या सेतू एफसीशी पडली. विजेतेपद त्या सामन्यावर ठरायचं होतं. तिसऱ्याच मिनिटाला सेतूने गोल केला. चौदाव्या मिनिटाला गोकुळमला पेनल्टी मिळाली, आणि ती घ्यायला मागच्या फळीतून चालत पुढे आली ती आशालता. बरोबरीचा गोल तिने केला. पुढे सामना 3-1 असा जिंकला. अकरापैकी अकरा सामने जिंकून गोकुळम विजेता ठरला.

अकरा हा आकडा मात्र अभिमानाने सांगताना घशात अडकतो. अख्खा लीग हंगाम म्हणजे अकरा सामने, आणि तेही एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरीपर्यंतच्या सुमारे सहा आठवड्यांत, एकाच शहरात. युरोपातली बचावपटू लीगमध्येच याच्या दुप्पट खेळते, शिवाय चषकाचे सामने वेगळे. 2017 साली दिल्लीत या लीगची पहिली अंतिम फेरी झाली तेव्हा तर संघ सहाच होते, त्यांत एफसी पुणे सिटी हा आपला. पुढे कोल्हापूरचा एफसी कोल्हापूर सिटी आला, मग मुंबई नाईट्स. महाराष्ट्राचे संघ आले आणि गेले, कुणी पाय रोवून उभं राहिलं नाही. कोल्हापुरात पेठांच्या पुरुष संघांसाठी माणसं जीव टाकतात. त्याच गावाला मुलींचा संघ लीगमध्ये टिकवता येऊ नये, हे मला पटत नाही.

त्याच वर्षी दुसरा घाव बसला. आशियातल्या क्लब स्पर्धेसाठी गोकुळमचा संघ ऑगस्टमध्ये उझबेकिस्तानात ताश्कंदला पोहोचला, आणि त्याच सुमाराला फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. कारण होतं महासंघाच्या कारभारातला बाहेरचा हस्तक्षेप. मुली मैदानाच्या दारात उभ्या राहिल्या आणि खेळू न देता परत पाठवल्या गेल्या. निलंबन 26 ऑगस्टला उठलं, तोवर संधी निघून गेली होती. आठ महिन्यांत दोनदा असं झालं. एकदा आजाराने आणि एकदा कार्यालयातल्या भांडणाने.

निलंबन उठल्यामुळे ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक मात्र भारतात होऊ शकला, आणि अंतिम सामना पुन्हा नेरूळला आला. 30 ऑक्टोबरला स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. तो एकमेव गोल स्पेनच्या कुणीच केला नव्हता. 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूकडून, आना गुझमानकडून, स्वयंगोल झाला. ज्या जागेवर सगळं नीट केलं तर नाव निघत नाही, तिथे एक चूक झाली की नाव जगभर जातं. पण त्यापुढची गोष्टही सांगायला हवी: जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबने तिला करारबद्ध केलं. एका मिनिटावरून खेळाडू जोखायची नसते, हे मोठे क्लब जाणतात, कारण त्यांनी तिची उरलेली मिनिटंही पाहिलेली असतात.

पैशाचं बोलायलाच हवं. 2023 मध्ये महासंघाने ठरवलं की लीगमधल्या वरच्या संघांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3 लाख 20 हजारांचा व्यावसायिक करार द्यावा. महिन्याला साधारण 26-27 हजार. शहापूरच्या खेड्यातल्या घरात ही रक्कम लहान नाही. मुलीला दहावीनंतर खेळू द्यावं की नाही, हा निर्णय ती फिरवू शकते. मात्र करार वर्षाचा आणि गुडघ्यातला अस्थिबंध एका क्षणात तुटणारा, म्हणून देशभरातल्या खेळाडूंची नजर आजही रेल्वे आणि पोलिसांतल्या नोकरीवर असते. त्यांचं काहीही चुकत नाही.

आशालता टिकून राहिली. 2019 मध्ये विराटनगरला तिच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण आशियाई विजेतेपद राखलं, 2018-19 ची देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून महासंघाने तिला निवडलं. हा मान बहुधा गोल करणारीला मिळतो, म्हणून त्याचं मोल अधिक. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध ती शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. भारताच्या एकाही महिला फुटबॉलपटूने त्याआधी हा टप्पा गाठला नव्हता. बचावपटूच्या कारकिर्दीचं खरं माप मला इथे सापडतं: तेरा वर्षं, एकामागून एक प्रशिक्षकांनी संघ लिहिताना मागच्या फळीत हेच नाव लिहिलं.

शेणव्याच्या मुलीला पकड शिकवावी लागत नाही. चढाईवाल्याच्या कमरेकडे बघून तो कुठे वळणार हे ओळखायचं, घाई करायची नाही, जोडीदारणीचा हात सोडायचा नाही, हे ती लहानपणीच शिकते. मध्यबचावाचा पाया हाच आहे. नाही ते मैदान, शाळेत मुलींसाठी फुटबॉल, आणि मुख्य म्हणजे सामने. तालुक्याची स्पर्धा पहिल्याच दिवशी हरली की वर्ष संपलं, अशा पद्धतीत आघाडीपटू एखाद्या चमकदार गोलाने डोळ्यांत भरेल, बचावपटू कुणाच्याही डोळ्यांत भरणार नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडी मिळून आठ शाळांनी पावसाळ्यानंतर एकमेकींशी घरी-दारी दोनदा खेळायचं ठरवलं, तर प्रत्येक मुलीला चौदा सामने मिळतील. विजेत्या गोकुळमला त्या वर्षीच्या राष्ट्रीय लीगमध्ये मिळाले त्याहून तीन जास्त.

5 जुलै 2025 ला चिआंग माईत भारताने यजमान थायलंडला 2-1 ने हरवून 2026 च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. पात्रताफेरी खेळून ही जागा भारताला पहिल्यांदाच मिळाली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. कर्णधार होती स्वीटी देवी, मणिपूरची, आणि तीही बचावपटूच.