बारा तारांची गिटार: आधी दांडी बघा, मग पिकअप

बचत गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्या, शिलाई मशीन घेतलं, हे तुम्ही या कार्यक्रमात पुष्कळदा ऐकलंय. आज मी गिटारविषयी बोलणार आहे. हसू नका. आमच्या एका गटाच्या बैठकीत खरंच असा अर्ज आला होता.

एका ताईंची लेक ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. लग्नसराईत, गणपतीत तिला कार्यक्रम मिळतात. तिला बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार हवी होती, तीही वापरलेली. गटातल्या एक आजी म्हणाल्या, "सहा तारांची आहे न्हवं हिच्याकडं? मग आणखी सहा कशाला गं?" प्रश्न रास्त होता, आणि उत्तर मलाही येत नव्हतं. म्हणून मी त्या मुलीबरोबर वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेले. तिथे जे कळलं ते सांगते.

तंबोऱ्यात मधल्या दोन तारा एकाच सुरात लावतात, त्यांना जोड म्हणतात. बारा तारांच्या गिटारीत अशा सहा जोड्या असतात. बारीक तारांच्या दोन जोड्या एकाच सुरात असतात. बाकीच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी तिच्यापेक्षा एक सप्तक वर. त्यामुळे एकच गिटार वाजते, पण दोन वाजल्यासारखं वाटतं. १९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने अमेरिकेतल्या रिकनबॅकर कंपनीची अशी गिटार वाजवली आणि तो किणकिणता आवाज जगभर गेला.

आता दांडी. तिला नेक म्हणतात. बारा तारा ताणल्या की दांडीवर सहा तारांपेक्षा कितीतरी जास्त ओढ येते आणि ती वाकू शकते. म्हणून दांडीच्या आत लोखंडी सळई घालतात. रिकनबॅकरच्या अनेक गिटारींत तर अशा दोन सळया असतात. सळईचा नट फिरवून दांडी सरळ करता येते. पण नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर पुढे सुधारायला जागाच उरत नाही.

दांडीची रुंदीही बघायची. इलेक्ट्रिक गिटारीत खुंट्यांजवळ ती साधारण ४१ ते ४३ मिलिमीटर असते. साध्या, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या बारा तारांच्या गिटारीत ४८ च्या आसपास. लहान हाताला अरुंद दांडी सोपी, सगळ्या तारा एकदम छेडायला ती बरी पडते. पण तारा जवळजवळ असतात, त्यामुळे जाड बोटं शेजारच्या जोडीला लागतात. एकेक तार वेगळी वाजवणाऱ्याला रुंद दांडी बरी.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज तयार होते, ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते. एका वेटोळ्याचा पिकअप म्हणजे सिंगल कॉइल. त्याचा आवाज स्वच्छ, बारा तारांचं किणकिणणं उठून दिसतं. पण तो विजेची घरघरही पकडतो. मांडवात ट्यूबलाइट, जनरेटर जवळ असले तर जास्तच. दोन वेटोळ्यांचा पिकअप म्हणजे हमबकर. त्यात दोन वेटोळ्यांतली घरघर एकमेकींना मारते, तारेचा आवाज मात्र मिळून वाढतो. हा आवाज भरदार, पण बारा तारांवर कधी कधी गिचमीड होतो.

मग निवड कशी करायची? कारागीर म्हणाले, "पिकअप मागाहून बदलता येतो. वाकलेली दांडी दुरुस्त करायची म्हणजे गिटारीच्या निम्म्या किमतीला भिडते. आधी दांडी बघा."

त्यांनी दाखवलेली तपासणी सोपी आहे. एक, खुंट्यांकडून डोळा लावून दांडी सरळ आहे का बघा. दोन, एक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबा. मधे कागदाइतकीच फट हवी. तीन, प्रत्येक तार मोकळी वाजवा, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. दुसरा सूर नेमका वरच्या सप्तकाचा यायला हवा. काही गिटारींत बारा तारांना घोडीवर सहाच आधार असतात, तिथे सगळ्या तारा तंतोतंत जुळणं अवघड. बारा वेगळे आधार असले तर उत्तम. चार, गिटार ॲम्प्लिफायरला लावून ट्यूबलाइटजवळ उभं राहा आणि घरघर ऐका.

मुलीला पहिली आवडलेली गिटार चकचकीत होती, हमबकरही होते. पण दांडी वाकलेली आणि नट पूर्ण आवळलेला. ती तिथेच ठेवली. तिला वाईट वाटलं, घरी येईपर्यंत बोलली नाही. महिन्याने दुसरी मिळाली. रंग उडालेला, सिंगल कॉइल पिकअप, पण दांडी सरळ, अरुंद आणि तिच्या हाताला बसणारी. घरघर थोडी आहे. पैसे जमले की पिकअप बदलणार आहे.

पुढच्या बैठकीत तिने हे सगळं गटाला स्वतः समजावून सांगितलं. गटाने ठराव केला: कर्ज द्यायचं, आणि लग्नसराईच्या महिन्यांत हप्ता मोठा, पावसाळ्यात लहान. ठरावावर आजींनी पहिला अंगठा उठवला.

मैत्रिणींनो, वस्तू आपल्या ओळखीची नसली म्हणून अर्ज परत करू नका, आणि डोळे झाकून मंजूरही करू नका. मागणाऱ्या बाईला विचारा, "यातलं नंतर काय बदलता येतं आणि काय येत नाही?" जे बदलता येत नाही, ते आधी तपासा.