जागा विद्यापीठाला गेली, तर भाड्याच्या दुकानदाराला काय मिळतं?

सावरगाव : पांढुर्णा ५ ऑक्टोबर २०२३ रोजी जिल्हा झाला. जिल्हा झाला की कार्यालयं येतात, रस्ते रुंद होतात, मोठ्या कॉलेजची मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण अशी जागा भर वस्तीत निघाली, तर तिथल्या झेरॉक्सवाल्याचं, सायकल दुरुस्तीवाल्याचं काय?

सगळं अवलंबून आहे जागा कशी घेतली जाते यावर. सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली, तर मालकाला बाजारभावाने भरपाई आणि दिलासा रक्कम म्हणून तेवढीच आणखी मिळते. भाडेकरू दुकानदारही त्यात येतो, पण त्याची रोजीरोटी तिथे किमान तीन वर्षांपासून असली पाहिजे. मग तो ‘बाधित कुटुंब’ ठरतो. छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी किमान २५ हजार रुपये आहेत. (आजच्या भावात चौकातल्या गाळ्याचं डिपॉझिटही त्यात निघायचं नाही.) शिवाय नोकरी, ५ लाख रुपये किंवा २० वर्षं महिना किमान २ हजार, असे पर्याय कायद्यात आहेत.

मालकाने संस्थेला जागा थेट विकली, तर मात्र यातलं बहुतेक काही लागू होत नाही. भाडेकरूच्या हातात फक्त भाडेकरार उरतो, आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा तोंडीच असतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हेच दिसलं. कोलंबिया विद्यापीठाने २००३ मध्ये १७ एकरांवर नव्या कॅम्पसची योजना मांडली आणि बरीचशी जागा मालकांकडून विकतच घेतली. जे अडून बसले, त्यांत एक गोदामवाला आणि पेट्रोल पंप चालवणारे शीख मालक होते. परिसर ‘मोडकळीला आलेला’ ठरवून राज्याने त्यांच्या जागा घेण्याचं ठरवलं. डिसेंबर २००९ मध्ये एका कोर्टाने दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला, पण जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो फिरवला. कोर्टात लढले ते मालक. विकलेल्या इमारतींतल्या भाडेकरूंना लढायला जमीनच नव्हती.

टपरी-हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत हटवता येत नाही, आणि हटवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस लागते.

दोन्ही कायदे केंद्राचे. इकडे पटवारी, तिकडे नरखेड-काटोलकडे तलाठी, पुरावा मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो : गुमास्ता, दुकानाच्या नावाचं वीजबिल, भाड्याच्या पावत्या. सामाजिक परिणामाच्या अभ्यासाची अधिसूचना स्थानिक भाषेत द्यायची, असं कायदा म्हणतो. म्हणजे सौंसर-पांढुर्ण्यात ती मराठीतही मागता येईल. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीला ६० दिवस असतात. भाडं रोख देत असाल, तर पावती या महिन्यापासूनच मागून घ्या.