ग्रिल केवढं, हवा किती?

शिकागोच्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’ या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी धातूचे पोकळ गोळे बनत. तिथे काम करणारा जॉर्ज स्टीफन घरच्या परसात मांस भाजायचा आणि वैतागायचा. त्या काळची ग्रिलं उघडी असत. वारा सुटला की राख जेवणावर, चरबी टपकली की जाळ हातभर वर. १९५२ साली त्याने असाच एक गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं आणि आत-बाहेर हवा खेळायला भोकं ठेवली. अमेरिकी परसांत आज सर्रास दिसणारं गोल ‘केटल’ ग्रिल ते हेच.

हेच ग्रिल आता पुण्या-मुंबईच्या दुकानांतही मिळतं आणि तिथून कर्जत-अलिबागच्या फार्महाउसवर जातं. दुकानातली बोलणी मात्र आकार, वजन आणि किंमत यांच्यातच आटोपतात. स्टीफनने सोडवलेला प्रश्न हवेचा होता. तो विसरला की पुढचे गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : माणसं मोजा आणि त्या मापाचं ग्रिल घ्या

माणसांइतकंच महत्त्व पदार्थाला आहे. केटल ग्रिल साधारणपणे ३७, ४७ आणि ५७ सेंटिमीटर व्यासांत मिळतं. कानाला हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण गोल जाळीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ४७ वरून ५७ वर गेलं की व्यास जेमतेम एक-पंचमांशाने वाढतो, जागा मात्र जवळजवळ दीडपट होते. ३७ च्या तुलनेत तर ती दुपटीच्याही बरीच वर जाते.

ही वाढीव जागा जास्त पाहुण्यांसाठी लागतेच असं नाही. तिचा खरा उपयोग निखारे एका बाजूला ओढून दुसरी बाजू रिकामी ठेवण्यासाठी होतो. दीड किलोची अख्खी कोंबडी थेट निखाऱ्यावर ठेवली तर कातडी करपते आणि हाडाजवळ मांस कच्चं राहतं. तीच रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावलं, तर तास-सव्वा तासात आतपर्यंत शिजते. शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. मांडीच्या जाड भागात खुपसलेल्या थर्मामीटरने ७४ अंश सेल्सियस दाखवायला हवेत. ३७ सेंटिमीटरच्या ग्रिलमध्ये अशा दोन बाजू करायला जागाच उरत नाही. त्यामुळे दोघांच्याच घरात अख्खी कोंबडी आवडत असेल तर ५७ चं घ्यावं. दहा जणांना फक्त पनीर टिक्का आणि पापलेट खायचं असेल, तर लहान ग्रिलवर दोन-तीन घाण्यांत भागतं.

मोठं ग्रिल जास्त कोळसा खातं, हीही अर्धीच गोष्ट. संपूर्ण तळ भरला तर खातं. अर्ध्याच भागात निखारे रचले तर कोळसाही बेताचाच लागतो.

गैरसमज : झाकण वाऱ्यापावसासाठी असतं

रस्त्यावर कणसं भाजणारी बाई पंख्याने वारा घालते तेव्हा काळपट निखारा क्षणात लालभडक होतो. कोळशाला हवा मिळाली की तो तापतो, तोडली की मंदावतो. झाकणाचं काम दुसऱ्या टोकाचं आहे. झाकण आणि झडपा मिळून हवा मोजून देतात.

म्हणूनच जाळ उसळला की घाबरून झाकण काढून ठेवणं नेमकं उलट पडतं. निखाऱ्यांना मोकळी हवा मिळते आणि टपकणाऱ्या चरबीवर आग आणखी भडकते. झाकण लावलं की ज्वाळा बसतात. आच कमी-जास्त करायची ती मुख्यतः खालच्या झडपेने. वरची झडप उघडी असावी, म्हणजे धूर कोंडून पदार्थाला कडवट वास लागत नाही.

झाकणावरच्या थर्मामीटरवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तो घुमटाखालच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीवर ठेवलेल्या सुरमईच्या तुकडीचं नव्हे.

गैरसमज : बिनझाकणाचं ग्रिल म्हणजे कामचलाऊ

मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमझानच्या रात्री सीख कबाब भाजले जातात ते लांबट, अरुंद, उघड्या शेगड्यांवर. बऱ्याच ठिकाणी जाळीही नसते. सळ्या दोन्ही काठांवर टेकतात आणि खिमा निखाऱ्यावर अधांतरी राहतो, त्यामुळे चिकटायला काही नसतंच. जपानमध्ये यकितोरीचे कोंबडीचे तुकडे अशाच अरुंद शेगडीवर भाजतात. त्यासाठी वाकायामा भागातला ‘बिंचोतान’ हा ओकच्या लाकडाचा कोळसा नावाजलेला आहे. तो घट्ट असतो, आपटला तर धातूसारखा वाजतो आणि फारसा धूर न करता बराच वेळ धग देतो.

काही मिनिटांत होणाऱ्या लहान तुकड्यांना झाकणाची गरज नसते. तिथे पाहायची ती निखारे आणि पदार्थ यांच्यातल्या अंतराची सोय. कोळशाचा ट्रे किंवा जाळी वर-खाली करता येत असेल, तर उघडी शेगडीही आच नीट सांभाळते.

गैरसमज : जाड, जड आणि महाग तेच उत्तम

अंड्याच्या आकाराची सिरॅमिक ‘कमाडो’ ग्रिलं जपानी चुलीच्या घडणीवरून आली. अमेरिकेत अटलांटाच्या ‘बिग ग्रीन एग’ने १९७४ पासून ती लोकप्रिय केली. त्या कंपनीचं ‘लार्ज’ मॉडेल ७० किलोंच्या वर भरतं, तर ५७ सेंटिमीटरचं साधं पत्र्याचं केटल १५ किलोंच्या आसपास. कमाडोच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे थोड्या कोळशावर मांस तासन्‌तास मंद आचेवर शिजतं.

पण हाच गुण दोषही ठरतो. तापमान एकदा हाताबाहेर गेलं की झडपा मिटूनही ते लवकर उतरत नाही. शनिवारी संध्याकाळी अर्ध्या तासात कबाब उरकायचे असतील, तर पातळ पत्र्याचं ग्रिल पटकन तापतं आणि काम झाल्यावर लवकर निवतं. शिवाय ते एकट्याने उचलता येतं.

गैरसमज : ब्रिकेट म्हणजे भेसळ, चव लाकडी कोळशालाच

ब्रिकेट हेन्री फोर्डने शोधले, असं अनेकदा सांगितलं जातं. पण ब्रिकेटचं पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर याच्या नावावर १८९७ सालीच नोंदलं गेलं होतं. फोर्डने १९२० च्या दशकात मिशिगनमधल्या आपल्या मोटारींच्या लाकूडकामातून उरलेल्या ढलप्यांचा कोळसा करून त्याचे ब्रिकेट मोठ्या प्रमाणावर बनवले आणि ते आपल्या मोटारविक्रेत्यांकडूनच विकले. हा धंदा पुढे ‘किंग्सफर्ड’ नावाने ओळखला गेला.

ब्रिकेटमध्ये कोळशाची पूड बांधायला स्टार्च असतो. सगळे तुकडे एका मापाचे असल्याने ते एकसारखे जळतात, पण राख जास्त सोडतात. आपला लोणारी कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो आणि राख कमी करतो. मात्र पोत्यात मोठी ढेकळं आणि चुरा एकत्र येतो, त्यामुळे आच कमी-जास्त होत राहते. लांबच्या कामाला ब्रिकेट आणि झटपट कामाला लोणारी कोळसा, ही सोयीची विभागणी. कमाडोत ब्रिकेटची राख साचून हवा अडते, म्हणून तिथे सहसा लाकडी कोळसाच वापरतात.

चवीचं म्हणाल तर पूर्ण पेटलेल्या, राखाडी साय धरलेल्या निखाऱ्याला स्वतःची चव फारशी नसतेच. ग्रिलचा म्हणून ओळखला जाणारा वास येतो तो निखाऱ्यावर टपकलेल्या चरबी-मसाल्याच्या वाफेतून. पेटवताना रॉकेल ओतलं तर तो वास मात्र पदार्थाला लागतो. त्याऐवजी पत्र्याच्या नळकांड्यात वर कोळसा भरून खाली कागद पेटवावा. हवा खालून वर ओढली जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार होतात.

गैरसमज : धूर नाही, म्हणजे धोका नाही

सगळ्यांत घातक गैरसमज हाच. लालबुंद, बिनधुराचे निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्या याच वायूमुळे. कोळशाचं लहान ‘टेबलटॉप’ ग्रिल नावाने टेबलावरचं असलं तरी ते उघड्यावरच वापरायचं असतं. स्वयंपाकघराच्या चिमणीखाली किंवा काचा लावून बंदिस्त केलेल्या बाल्कनीत ते चालत नाही. फ्लॅटमध्येच भाजायचं असेल तर विजेचं ग्रिल घ्यावं.

राखेतही निखारे बराच वेळ धुमसत राहतात. ती प्लास्टिकच्या कचराडब्यात न टाकता झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून पूर्ण निवू द्यावी.

दुकानात पाहण्याच्या गोष्टी यातूनच ठरतात. झाकण लावून कडेने बोट फिरवावं. मोठी फट असेल तर झडपा मिटूनही निखारे धुमसत राहतील आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेला वाचणार नाही. खालची झडप अर्धवट उघडून सोडावी, ती आपोआप घसरता कामा नये. राख पडायला खाली भांडं आहे का, ते निखारे पेटते असताना काढता येतं का, जाळीची कड बिजागरीवर उचलून मधेच कोळसा घालता येतो का, हे करून पाहावं. पाय धरून ग्रिल हलवावं. डुलत असेल आणि घरात लहान मुलं असतील, तर ते तिथेच सोडून पुढचं पाहावं.