सेनापतीची कचेरी : रजेचा कागद

या आठवड्यात इंग्रजांचा सेनापती सर गाय कार्लटन याची गाठ घ्यायला टॅपनला जायचं ठरलं होतं. पण कार्लटन थांबेल. न्यूयॉर्क सोडायची त्याला तशीही घाई नव्हती. सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय आणि त्यातल्या दोन प्रश्नांनी माझा अख्खा आठवडा खाल्ला.

पहिला प्रश्न असा, की एडीसी म्हणजे राज्यपालांच्या मागं खांद्याला सोनेरी गोफ लावून उभा असतो तोच ना? मग तुमच्या लेखांत तो सदानकदा लिहीतच का बसलेला असतो? आणि दुसरा : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटी सैनिकांना घरी पाठवताना दिलेल्या छापील कागदावर वॉशिंग्टनची सही असायची असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. ती त्यानं खरंच हातानं केली, की शिक्का मारला?

पहिल्याचं उत्तर सोपं. बाई, तोच तो. वॉशिंग्टनच्या एडीसींनाही मिरवायची खूण होती. 1775 च्या जुलैमधल्या हुकमानं त्यांच्या छातीवर आडवी हिरवी फीत आली, कारण सैन्याला धड गणवेशच नव्हता आणि कोण कुठल्या हुद्द्याचा हे पहारेकऱ्याला कळावं कसं? मागं उभं राहण्याचा प्रसंगसुद्धा चित्रात टिपलेला आहे. वॉशिंग्टन शहरात कॅपिटॉलच्या घुमटाखाली जॉन ट्रंबुलचं एक भलंमोठं चित्र आहे : 23 डिसेंबर 1783, अ‍ॅनापोलिस, सेनापती काँग्रेसपुढं राजीनामा ठेवतोय. त्याच्या मागं जे दोघं उभे आहेत ते बेंजामिन वॉकर आणि डेव्हिड हम्फ्रीज. आणि चित्रकार कोण, तर वॉशिंग्टनचा सेक्रेटरी जोनाथन ट्रंबुल याचा धाकटा भाऊ. तोही 1775 मध्ये थोडे दिवस एडीसी होता. कारकुनीत रमला नाही, ब्रशाकडे वळला.

पण मागं उभं राहणं वर्षातून चार-दोन वेळा. बाकीचे दिवस बूड टेकून लिहायचं. न्यूबर्गला सेनापतीचं ठाणं असलेल्या दगडी डच घरात, सात दारं आणि एकच खिडकी असलेल्या खोलीबद्दल मी मागं लिहिलंय, तिथं सेनापती मुद्दे सांगायचा, एडीसी मसुदा करायचा, सेनापती त्यावर खाडाखोड करायचा, मग कुणीतरी स्वच्छ प्रत काढायचं आणि मूळ मसुदा स्थळप्रत म्हणून गठ्ठ्यात जायचा. आपल्या कचेऱ्यांत काम केलेल्यांना यात नवं काहीच वाटणार नाही. मी स्वतः तीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे, त्यामुळं ‘वॉशिंग्टनचं पत्र’ असं कुणी म्हणालं की मला आधी प्रश्न पडतो, अक्षर कुणाचं? पुष्कळदा फक्त तळची सही त्याची असते. किरकोळ बाबतीत तर तीही नसते. वैरण, पास, एखाद्या लेफ्टनंटची रजा, असल्या गोष्टी एडीसी स्वतःच्या नावानं उरकतो, ‘सेनापतींच्या आज्ञेवरून कळवतो की’ अशा थाटात. या चालीच्या पत्रांवर माझा विशेष जीव आहे. त्यांत इतिहास घडत नाही, फक्त चालू राहतो.

आता दुसरा प्रश्न. सही हातची. शिक्का नाही.

हा कागद डोळ्यांपुढं आणा. एकाच पानाचा छापील नमुना. वर सेनापतीचं नाव आणि हुद्दा. मग ‘हा कागद बाळगणारा’ म्हणून एक मोकळी जागा, तिथं शिपायाचं नाव. पुढची मोकळी जागा रेजिमेंटची. यानं इमानानं चाकरी केली, याची भरती ‘लढाई संपेपर्यंत’ एवढ्याच बोलीवर होती, सबब यास अमेरिकन सैन्यातून मुक्त करण्यात येत आहे. खाली ‘गो. वॉशिंग्टन’ अशी सही. त्याच्या खाली आज्ञेवरून म्हणून ट्रंबुलची प्रतिस्वाक्षरी. तळाशी आणखी एक ओळ : इतक्या वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल यास गुणचिन्ह दिलेलं आहे. वर्षांचा आकडा हातानं भरायचा. दीर्घ सेवेबद्दल बाहीवर पट्टी शिवायचा हुकूम 1782 च्या ऑगस्टमध्ये निघाला होता; ती पट्टी कागदावर अशी उतरली.

न्यूबर्गजवळच्या न्यू विंडसरच्या छावणीत त्या वेळी सुमारे 7 हजार माणसं. सगळ्यांची भरती ‘लढाई संपेपर्यंत’ची नव्हती हे धरलं तरी सह्यांचा ढीग किती झाला असेल ते बघा. शिक्का का नाही मारला? याला मी माझ्यापुरतं दिलेलं उत्तर असं, की द्यायला दुसरं काहीच नव्हतं. पगार नव्हता. सही होती.

आणि इथं मला एक कबुली द्यायची आहे. या कागदाची छायाचित्रं मी कितीतरी वर्षं पाहत आलो. पुस्तकांत छापलेली, लिलावांच्या यादीत आलेली. दर वेळी पुढची बाजू. कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला कागद उलटून बघायचं सुचू नये! खरा शेरा पाठीमागंच असतो हे आम्ही नवीन कारकुनाला पहिल्या दिवशी शिकवायचो. पाठ पाहायला मिळाली ती फार उशिरा, आणि त्या दिवशी मी जेवायचं विसरलो.

पाठीवर छापलंय : मुख्य ठाणं, जून 1783. आतला दाखला अंतिम तह मंजूर होईपर्यंत मुक्ततेचा म्हणून चालणार नाही. तोवर, आणि तशी घोषणा होईपर्यंत, हा माणूस रजेवर आहे असं समजावं. खाली पुन्हा सेनापतीचं नाव.

म्हणजे पुढून मुक्तता, मागून रजा.

ही भानगड कशी झाली, तर ‘लढाई संपेपर्यंत’ या तीन शब्दांमुळं… चुकलो, दोनच शब्द, पण वाद तीनशे शब्दांचा. 19 एप्रिलला, लेक्सिंग्टनला युद्धाला तोंड फुटलं त्याच्या बरोबर आठ वर्षांनी, छावणीत युद्धबंदी पुकारली, जादा दारू वाटली. शिपाई म्हणाला, संपली लढाई, आता मी मोकळा. काँग्रेसनं 23 एप्रिलला ठरवलं की भरतीची मुदत अंतिम तह मंजूर झाल्याशिवाय संपत नाही. इंग्रज अजून न्यूयॉर्कात तळ ठोकून, तह पॅरिसमध्ये अर्धवट, सगळ्यांना सोडून दिलं आणि ऐन वेळी फिसकटलं तर? हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण दुसरं कारण त्याहून जड होतं. छावणीत माणूस म्हणजे रोजचं खाणं, आणि खजिन्यात खडखडाट. मुक्त करायचं तर हिशेब चुकता करावा लागतो. रजेवर पाठवलं तर खाणंही वाचतं, हिशेबही पुढं ढकलता येतो. 26 मे रोजी काँग्रेसनं तसाच ठराव केला : रजा द्या. आमच्या खात्यात याला बिनपगारी रजा म्हणतात. पण तिचा अर्ज निदान कर्मचारी स्वतः करतो.

2 जूनला छावणीत हुकूम वाचला गेला. 5 तारखेला अधिकाऱ्यांचं निवेदन जनरल हीथच्या हातून सेनापतीकडं पोचलं. हिशेब झाल्याशिवाय आम्हाला असं पांगवू नका, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्याच दिवशी उत्तर गेलं : ज्याला नको असेल त्यानं रजा घेऊ नये, राहावं. शिपाई मात्र राहायला तयार नव्हते. जूनचा महिना, घरी गवत कापणीला आलेलं.

जोसेफ प्लम मार्टिन हा सार्जंट त्यांतलाच. पंधराव्या वर्षी भरती झालेला. त्यानं सत्तरीला आल्यावर, 1830 मध्ये, नाव न घालता आठवणी छापल्या. कॅप्टन खोलीत आला आणि सुटकेचे कागद हातात दिले, हे सांगता सांगता तो स्वतःलाच अडवतो : सुटकेचे कशाचे, रजेचे! म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनंतरही ती पाठ त्याला टोचत होती. एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी आनंद व्हावा तसा झाला नाही, असंही तो लिहितो. हाताशी पैसा नाही, अंगावर चिंध्या. बऱ्यापैकी कपडे घ्यायला त्यानं आपल्या थकबाकीच्या प्रमाणपत्रांतली काही विकून टाकली.

पैशाचं काय झालं ते थोडक्यात. तीन महिन्यांचा पगार द्यायचं कबूल झालं होतं, तोही रोख नव्हे. काँग्रेसचं अर्थखातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट मॉरिसच्या सहीच्या चिठ्ठ्या, सहा महिन्यांनी वटणाऱ्या. मॉरिसनं जानेवारीतच राजीनामा दिला होता, पण सैन्याचं देणं भागवायला तो थांबला. चिठ्ठ्यांचा कागद उशिरा आला. मग छपाई. मग प्रत्येक चिठ्ठीवर मॉरिसला स्वतः सही करायची होती आणि चिठ्ठ्या होत्या हजारोंनी. फिलाडेल्फियात एक माणूस सह्या करतोय, न्यूबर्गला दुसरा माणूस सह्या करतोय, आणि यातल्या पहिल्याच्या सह्या पोचेपर्यंत दुसऱ्याच्या सह्या खिशात घालून बरेचसे शिपाई रस्त्याला लागलेले. सोबत बंदूक मात्र होती. ती बक्षीस म्हणून घरी न्यायची मुभा एप्रिलच्याच ठरावात दिली होती.

रजा संपली कधी? कागदाची पाठ म्हणते, तह मंजूर झाल्यावर. तहावर सह्या झाल्या 3 सप्टेंबरला, काँग्रेसनं तो मंजूर केला 14 जानेवारी 1784 ला. पण काँग्रेसला तेवढाही धीर निघाला नाही. 18 ऑक्टोबरलाच घोषणा काढून रजेवरच्या सगळ्यांना 3 नोव्हेंबरपासून मुक्त केलं. ज्या अटीसाठी एवढं रामायण झालं ती पुरी व्हायच्या आतच! ही घोषणा रानावनात पांगलेल्या शिपायांपर्यंत कशी पोचली असेल? कित्येकांनी ती ऐकलीही नसेल आणि त्यांचं काही अडलंही नसेल. अडलं ते पुढं, 1818 मध्ये, गरजू म्हाताऱ्या शिपायांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा. मग पेट्या उपसणं सुरू झालं. घड्यांवर फाटलेला, मागून कापडानं सांधलेला तो कागद अर्जासोबत जोडला गेला. मार्टिननंही त्याच साली अर्ज केला.

बाईंनी विचारलेलं नाही, पण विचारतील म्हणून : कुठलं अक्षर कुणाचं हे एवढ्या खात्रीनं सांगता येतं ते मूळ मसुदे वाचले म्हणून. त्यांची नक्कलही झाली होती. पकिप्सीला रिचर्ड व्हॅरिक कारकून बसवून 1781 पासून सगळा पत्रव्यवहार सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होता. 44 जाड वह्या भरल्या. हा व्हॅरिक पूर्वी कुणाचा एडीसी? बेनेडिक्ट आर्नल्डचा. आर्नल्ड फितूर होऊन पळाला तेव्हा संशय यानंही झेलला, चौकशीत निर्दोष सुटला, आणि वॉशिंग्टननं सगळं दप्तर उचलून याच्याच हवाली केलं. त्या वह्या सुरेख आहेत. पण मला त्या कंटाळवाण्या वाटतात. सगळं एका वळणाचं. ट्रंबुलची घाई नाही, सेनापतीची खाडाखोड नाही.

1783 च्या नोव्हेंबरात हे सगळं गाड्यांत भरून माउंट व्हर्ननला निघालं. बरोबर कॅप्टन बझालील हाउ आणि पहारा. त्याला दिलेल्या सूचना एखाद्या काळजीवाहू आजोबांच्या वाटाव्यात : गाड्या कायम कुलूपबंद, किल्ल्या तुझ्याकडेच, पहारेकऱ्यावाचून गाडी क्षणभर सोडायची नाही, आणि सस्केहॅना किंवा पोटोमॅक ओलांडताना वारा सुटलेला दिसला तर तरीवर चढायचंच नाही.

पुढच्या आठवड्यात नक्की टॅपन. कार्लटनच्या बाजूलाही तेव्हा एक वही लिहिली जात होती, इंग्रजी जहाजांतून निघालेल्या 3 हजार कृष्णवर्णीयांची. तीत डेबोरा नावाची एक वीस वर्षांची मुलगी आहे. पूर्वीचा मालक म्हणून तिच्या नावापुढं लिहिलंय : जनरल वॉशिंग्टन.